कौलं, पत्रा आणि डोंगराकडची भिंत

मागच्या अंकात मी ओझरतं एक वाक्य लिहिलं होतं की डोंगरातल्या जुन्या घराचं छप्पर शिमगा झाला की लगेच बघून घ्या, मेच्या शेवटच्या आठवड्यात सुतार मिळत नाही. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळी सगळी जागा छपरालाच. बहुतेक प्रश्न जावळी, पाटण, महाबळेश्वरचे, एक शिराळ्याचा. आधीच सांगतो, आपला सातारा जिल्हा अजब आहे, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो एवढंच मधलं अंतर. त्यामुळं माणातल्या दहिवडीच्या पाहुण्यानं सांगितलेला उपाय जावळीतल्या बामणोलीत करू नका.

प्रश्न – आमचं गावचं घर आजोबांनी बांधलेलं, मंगलोरी कौलांचं. आम्ही सगळे वाशीला, वर्षातनं दोनदा येणं होतं, जत्रेला आणि गणपतीला. गेल्या गणपतीत माजघरात धार लागली होती. गवंडी म्हणतो सगळी कौलं उतरवून नवीन टाका. लाकूड तर चांगलं दिसतंय. खरंच सगळं काढावं लागेल का? (जावळी)

उत्तर – दादा, गवंडी हा भिंतीचा माणूस, छपराचं सुताराला विचारायचं, आणि तो म्हातारा असेल तर फारच उत्तम. सगळं उतरवा म्हणणारे बहुतेक जण अंगणात उभं राहून मान वर करून सांगतात, आत माळ्यावर गेलेलेच नसतात.

तुम्ही माळ्यावर जा. भर दुपारी, दारं-खिडक्या लावून, अंधार करून वर बघा. कौलारू घरात थोडाफार उजेड झिरपतोच, त्याला घाबरायचं नाही, पण सूर्याचा कवडसा खाली पडत असेल तर तिथलं कौल फुटलंय नाहीतर सरकलंय, तिथल्या वाशावर (म्हणजे उतारानं खाली आलेल्या लाकडावर) खडूनं खूण करा. मग पाण्याचा माग काढा. इथं भलेभले फसतात कारण पाणी टपकतं माजघरात आणि शिरलेलं असतं पार आढ्याजवळ, म्हणजे छपराच्या शेंड्याला, ते रिपेवरनं (कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवरनं) वाशावर येतं, वाशाच्या पोटाला धरून घरंगळत खाली येतं आणि एखादी गाठ किंवा खिळा भेटला की तिथं सुटतं. वाशाच्या खालच्या अंगाला काळपट ओघळ दिसेल, त्याच्यावर बोट ठेवून वर वर जायचं, जिथं ओघळ संपतो त्याच्या वरचं कौल बघायचं. निम्म्या वेळा एक नाहीतर दोन कौलांचं काम निघतं.

आता लाकूड ‘चांगलं दिसतंय’ त्याबद्दल. एक जुना लांब स्क्रूड्रायव्हर घ्या आणि वासा भिंतीवर जिथं टेकतो तिथं टोचून बघा, मधे टोचून काही कळत नाही. मागच्या मे महिन्यात मेढ्याच्या वरच्या अंगाला एका घरात गेलो होतो, ऐनाचे वासे, काळेभोर, ठोकलं तर लोखंडासारखे वाजतायत, मालक खूश. भिंतीत गेलेल्या टोकाला मी स्क्रूड्रायव्हर लावला तर मुठीपर्यंत आत, आणि बाहेर काढला तर कॉफीची पूड सांडावी तशी भुकटी ओटीवर पडली. मालक म्हणाले, अहो शंभर वर्षं टिकलंय हे. मी म्हटलं काका, त्यातली ऐंशी-नव्वद वर्षं खाली चूल पेटत होती.

हे मी गमतीनं म्हणत नाहीये. चुलीच्या धुरानं लाकडावर काजळीचा थर बसायचा, माळा रोज गरम व्हायचा, लाकूड सुकं राहायचं, त्यामुळं भुंगा आणि वाळवी लांब राहायची. शिवाय घरात माणूस असला की आवाजानं, नजरेनं कळायचं की काल रात्री वानर नाचून गेलंय, एक कौल सरकलंय, सकाळी शिडी लावून सारखं केलं की विषय मिटला. आणि दरवर्षी पावसाच्या आधी घर शाकारायचंच, म्हणजे कौलं चाळून, पालापाचोळा काढून, फुटकी बदलून परत बसवायची, हे काय कुणी सांगायला लागायचं नाही. आता गावात गॅस आला आणि माणसं मुंबईला गेली, घर दहा महिने बंद, आत दमट हवा कोंडलेली, सरकलेलं एक कौल जूनपासून गणपतीपर्यंत तसंच. तुमच्या घराला कुलपानं खाल्लंय, दादा. नवीन कौलं टाकून तेच कुलूप लावलंत तर दहा वर्षांनी परत पत्र लिहाल.

तेव्हा असं करा. टोकं सडलेली निघाली तर पूर्ण वासा काढायची गरज नसते, सडका भाग कापायचा, त्याला खालनं टेका द्यायचा आणि शेजारी तीन-चार फुटाचा ऐनाचा किंवा किंजळीचा तुकडा जोडून नटबोल्टनं आवळायचा. नुसत्या खिळ्यांवर भागवू नका. हल्ली स्वस्तात पडतात म्हणून निलगिरीचे वासे टाकतात, ते वाळताना पिळतात आणि कौलांची ओळ वाकडी होते, मी तरी घेणार नाही. नवीन टोक भिंतीतल्या मातीत गाडू नका, सपाट दगडावर बसवा आणि भोवती बोटभर फट राहू द्या, हवा लागली पाहिजे. वाळवीचं औषध पेस्ट कंट्रोलवाल्याकडनं मारून घ्या, स्वतः बाटली आणून शिंपडू नका. आणि गावात राहणाऱ्या चुलत्याकडं किल्ली द्या, महिन्यातनं दोनदा दारं उघडून चूल पेटवायला सांगा. त्याला त्याचे काय ते पैसे द्या, फुकटात कोण किती दिवस करणार.

कौलांचं म्हणाल तर उतरवताना एकेक कौल टिचकी मारून किंवा दुसऱ्या कौलावर हळू आपटून बघायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं. तडा असलेलं भद्द वाजतं, मग डोळ्याला तडा दिसो न दिसो, ते बाजूला. कौल उलटं केलं की मागं कारखान्याचा शिक्का दिसतो, तो जरूर बघा, कारण प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी असते आणि दोन शिक्क्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, बारीक फट राहते आणि वाऱ्याच्या पावसात तिथनंच पाणी येतं. म्हणून जुनी चांगली निवडलेली कौलं सगळी एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, आणा आणि नवीन आणलेली दुसऱ्या पाख्यावर घाला, खिचडी करू नका. नवीन पाख्याला रिपांचं अंतर नव्या कौलावरनं मापून घ्यायचं, साधारण साडेबारा इंच येतं पण मापल्याशिवाय एकही खिळा मारायचा नाही. अर्धा इंच इकडंतिकडं झालं की वरची ओळ नीट बसत नाही.

प्रश्न – आमचं घर कोयनेच्या बाजूला. वडील म्हणतात कौलं जड, भूकंपात डोक्यात पडतात, पत्रा टाकू. आई म्हणते पत्र्याखाली पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, उन्हाळ्यात भाजून निघतो. रोज भांडण आहे. कुणाचं बरोबर? (पाटण)

उत्तर – दोघांचंही, पण वडिलांना मी नावं ठेवणार नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तुमच्या भागातला म्हातारा माणूस अजून विसरलेला नाही, साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप होता तो आणि बारीकसारीक धक्के तिकडं आजही बसतात. आता वजनाचा हिशेब बघा. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटाला, मंगलोरी कौलं लागतात साधारण दीडशे, एक कौल सव्वादोन-अडीच किलोचं, म्हणजे साडेतीनशे किलो झाले, भिजल्यावर त्याच्याही वर. तेवढ्याच जागेला कलर कोटेड पत्रा पन्नास किलोच्या आत. फरक मोठाच आहे.

पण भूकंपात माणसं मरतात ती नुसत्या कौलांनी मरत नाहीत. मातीत बांधलेली दगडी भिंत आधी फुटते, आतला थर एकीकडं आणि बाहेरचा दुसरीकडं, मग छप्पर खाली येतं. १९९३ च्या किल्लारीत तर वर फुटा-दोन फुटाचं मातीचं धाबं होतं आणि खाली असल्याच भिंती. तुमच्या घरात छप्पर लाकडी खांबांवर उभं आहे का भिंतीवर, हे आधी बघा. खांब-तुळईचं घर असेल तर भिंत ढासळली तरी छप्पर उभं राहायची बरीच शक्यता असते, जुन्या सुतारांचं हे मोठं शहाणपण. मग खांब-तुळईच्या सांध्याला लोखंडी पट्ट्या मारून घ्या, वासे खालच्या पाटाला (ते टेकतात त्या आडव्या लाकडाला) बांधून घ्या. आणि घराच्या दोन्ही टोकांना आढ्यापर्यंत गेलेली दगडाची त्रिकोणी भिंत असेल तर ती मात्र उतरवाच, वरच्या त्रिकोणाला फळ्या किंवा पत्रा लावा. धक्क्यात सगळ्यात आधी पडणारी तीच, आणि ती बाहेर पडते तशी आत झोपलेल्यांवरही पडते.

पत्रा टाकायचा ठरलं तर एक गोष्ट लक्षात घ्या, कौल आपल्या वजनानं बसून राहतं, पत्र्याला वजनच नाही, त्यामुळं वाऱ्यानं उचलायची भीती वाढते. धारेवरचं घर असेल तर जास्तच. कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत बोल्ट जवळजवळ मारा, जे-हुकचे बोल्ट नाळीच्या उंचवट्यावरच मारा, खोलगट भागात भोक पाडलं तर तिथनं पाणी येणारच. वॉशर रबराचा चांगला घ्या, पाच-सहा वर्षांनी तो कडक होतो, तेव्हा बदलायचा, सगळा पत्रा बदलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि आईंसाठी, खाली पत्रा आणि वर तीच कौलं, असंही करतात, आवाज कमी होतो, ऊनही कमी. पण त्यात वजन उलट वाढतं, तेव्हा तुमच्या घराला मी हे सांगणार नाही. बाकी ज्यांना करायचंय त्यांनी पत्र्यावर सरळ आडव्या रिपा ठोकू नका, पाणी आणि कचरा रिपेमागं अडून बसतो. आधी उताराच्या दिशेनं पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा. हे न केल्यामुळं तीन वर्षांत रिपा कुजलेल्या मी बघितल्यात.

तुमच्या घरी मधला मार्ग म्हणजे पत्रा टाकून खाली माजघरावर लाकडी माळा तसाच ठेवायचा, त्यानंच आवाज बराच अडतो. आईंना सांगा पहिला पावसाळा त्रास होईल.

प्रश्न – वानरं कौलं फोडतात. काय करावं? (पाचगणी)

उत्तर – ताई, यावर माझ्याकडं खात्रीचं औषध नाही, असतं तर आधी आमच्याकडं केलं असतं. घरावर झुकलेल्या फांद्या छाटा, (झाड तोडायचं असेल तर परवानगी घेऊन), आणि जिथनं उडी मारतात तिथल्या चार-पाच ओळींवर जाळी टाका. कौलाला खाली तार ओवायचं भोक असतं, कडेची आणि खालच्या दोन ओळींची कौलं तारेनं रिपेला बांधा, सरकायची तरी थांबतील. आणि अंगणात पापड वाळत घालू नका.

प्रश्न – मुलगा अमेरिकेत पोर्टलंडला असतो, ओरेगॉनमधे. तिथंही डोंगरावर घरं आणि सतत पाऊस. तो व्हिडिओ पाठवतो की कौलांवरचं शेवाळं प्रेशरच्या पाण्यानं धुवायचं नाही, आढ्याला जस्ताची पट्टी लावा, माळ्याला हवा ठेवा, पन्हळीचं पाणी उतारावर सोडू नका. आमचे हे म्हणतात तिकडचं इकडं चालत नाही. (महाबळेश्वर)

उत्तर – काकू, मुलगा शहाणा आहे. पण पाऊस वेगळा आहे हेही खरं. तिकडचा पाऊस हिवाळ्यातला, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, बारीक आणि रटाळ, थंडीत छप्पर महिनोनमहिने वाळतच नाही, म्हणून शेवाळं हा त्यांचा मोठा शत्रू. वर्षाचा सगळा मिळून नऊशे-साडेनऊशे मिलिमीटर. आपल्याकडं २०२१ च्या जुलैत तुमच्या महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे त्याच्या वर्षाच्या निम्म्याहून जास्त. त्यामुळं आपला पहिला शत्रू म्हणजे आडवा मारणारा पाऊस, वाऱ्याबरोबर कौलाच्या खालनं वर चढणारा. म्हणून तर तुमच्याकडं पूर्वी पावसाळ्याआधी भिंतींना गवताचे झाप बांधायचे, आता प्लास्टिक बांधतात. आणि तिकडं छपराची कामं जुलै-ऑगस्टमधे काढतात, ते मुलाचं ऐकून करू नका म्हणजे झालं.

बाकी चारही गोष्टी बरोबर. प्रेशरचं पाणी कौलावर मारलं की वरची भाजलेली साय खरवडली जाते, कौल जास्त पाणी पितं आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळं धरतं. तिकडं कौलांऐवजी डांबरी शिंगल्स असतात, त्यांच्यावरची बारीक खडी निघून जाते, एकूण एकच. मार्चच्या उन्हात शेवाळं वाळून पापुद्रा होतो तेव्हा खराट्यानं किंवा काथ्याच्या ब्रशनं वरनं खाली झाडा, बस्स. जस्ताच्या पट्टीचा पुरावा तर तुमच्या गल्लीतच मिळेल, ज्या घराच्या आढ्यावर कौलांऐवजी जीआय (जस्त चढवलेला) पत्रा बसवलाय त्याच्या लगेच खालच्या दोन-तीन ओळी लाल स्वच्छ दिसतात आणि त्याखाली हिरवं-काळं सुरू होतं, पत्र्यावरचं जस्त पाण्याबरोबर उतरत असतं म्हणून. माळ्याच्या हवेचं वर चुलीच्या निमित्तानं बोललोच. आणि पन्हळीचं पाणी उतारावर सोडायचं नाही हे त्याचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, खालचा प्रश्न वाचा.

प्रश्न – छप्पर दोन वर्षांपूर्वी नवीन केलं, एक थेंब गळत नाही. तरी मागच्या खोलीची भिंत पावसाळाभर ओली, पोपडे पडतात, कपाटातल्या साड्यांना बुरशी. मागं लगेच डोंगराचा काप आहे. सिमेंटनं गिलावा केला तर थांबेल का? (शिराळा)

उत्तर – नाही थांबणार, वाढेल. ते पाणी छपराचं नसून डोंगराचं आहे, कापातनं पाझरून भिंतीच्या पायात येतं आणि दगड-मातीतनं वर चढतं. सिमेंटचा गिलावा केलात की ते बाहेर पडायची वाट बंद होते आणि अजून वर चढून खिडकीच्या पातळीला पोपडे सुरू होतात. आहे तो सिमेंटचा भाग काढून चुन्याचा गिलावा करा, भिंतीला वाळता आलं पाहिजे.

खरं काम मागं आहे. भिंत आणि काप यांच्यात किती जागा आहे ते लिहिलं नाहीत, पण दोन-तीन फूट तरी मोकळी हवी. बहुतेक घरी वर्षानुवर्षं माती घसरून भिंतीला लागलेली असते, कधीकधी आतल्या जमिनीपेक्षा मागची माती फूटभर उंच. ती आधी काढा. मग आतल्या जमिनीपेक्षा खोल जाईल असा चर, दोन्ही बाजूंना उतार देऊन, तळाला फरशी. वळचणीचं पाणी त्याच चरात पडलं तरी चालेल पण चराचं पाणी घराला वळसा घालून नैसर्गिक ओढ्यापर्यंत नेऊन सोडा, खालच्या शेजाऱ्याच्या उतारावर नाही. कापाला दगडी भिंत बांधली असेल तर तिच्यात पाणी जायची भोकं आहेत ना ते बघा, आणि असली तर त्यातनं पाणी येतंय ना तेही बघा. पावसात कोरडी भोकं म्हणजे मागं पाणी तुंबलंय.

आणि एक. वरच्या उतारावर जमिनीला भेगा दिसल्या, झाडं किंवा लाइटचे खांब कलायला लागले, जिथं कधी झरा नव्हता तिथनं एकदम गढूळ पाणी यायला लागलं, तर चर, गिलावा, छप्पर सगळं राहू द्या. माणसं आणि जनावरं घेऊन बाहेर पडा, ग्रामपंचायतीला आणि तहसीलला कळवा. २०२१ च्या त्याच जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी आल्या, तिथं छपराची काय कथा.

प्रश्न – गोठ्यावर ३० वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे आहेत, तडे गेलेत. कटरनं कापून छोटे करून चुलीच्या खोलीवर वापरू का? (जावळी)

उत्तर – नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, कटर लावला की त्याची धूळ उडते आणि ती फुप्फुसात गेली की निघत नाही, कॅन्सरपर्यंत जातं प्रकरण. पत्रे पाणी मारून ओले करा, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा, फोडून अंगणात भर म्हणून टाकू नका. आणि त्यावर पाय देऊन चढू नका, दिसतो दगडासारखा पण काचेसारखा मोडतो. फळी आडवी टाकूनच.

प्रश्न – सगळं बरोबर आहे पण ऐन जुलैत रात्री गळायला लागलं तर काय? (महाबळेश्वर)

उत्तर – वर चढायचं नाही. ओल्या शेवाळावरनं घसरून पाय मोडलेली माणसं मला पाच-सहा तरी माहीत आहेत, त्यातला एक मी. आत माळ्यावर शिडी लावा. फुटलेल्या कौलाच्या वरचं कौल आतनं दोन्ही हातांनी बोटभर उचलायचं आणि मधे सपाट पत्र्याचा तुकडा सरकवायचा, तेलाचा डबा कापून केलेलाही चालतो, वरची कड वरच्या कौलाखाली आणि खालची कड फुटक्या कौलाच्या वर आली पाहिजे, उलटं घातलंत तर सगळं पाणी माजघरात. आढ्याजवळ गळत असेल तर हे जमत नाही, तिथं खाली पातेलं ठेवा आणि सकाळी उघडीप बघा. मे महिन्यातच असे आठ-दहा तुकडे कापून माळ्यावर ठेवून द्या, रात्री दोनला पत्रा कापत बसवत नाही.

आणि ज्या वाशाजवळ तुकडा घातला तिथं खडूनं खूण करा म्हणजे पाऊस सरल्यावर कौल बदलता येईल. आमच्या पडवीवर असा एक तुकडा मी २००५ च्या जुलैत तात्पुरता घातला होता, खूण केली नव्हती, तो अजून तिथंच आहे.